शाळेतली नर्स कुठे गेली?

२०२२ च्या शरद ऋतूत माझ्या हातून एका शब्दाचं भाषांतर चुकलं. इतकी वर्षं आयटीत काढल्यावर अशा चुका मला नव्या नाहीत. जपानी ग्राहकाच्या बोलण्यातला 'बघू' पुण्याच्या टीमपर्यंत 'हो' होऊन पोचला, की पुढचे दोन शनिवार-रविवार कसे जातात हे आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांना पाठ आहे. पण ही चूक एका आईसमोर झाली, आणि ती निस्तरता निस्तरता मी जपानच्या शाळांच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात जाऊन पडले. त्याचीच ही हकीकत.

ओळखीतलं एक मराठी कुटुंब. (त्यांना विचारून लिहिते आहे, नावं मात्र मुद्दाम देत नाही.) धाकटा मुलगा पुढच्या एप्रिलमध्ये शाळेत जायच्या वयाचा होणार होता. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. गिळता येत नाही, म्हणून पोटावर बसवलेल्या छोट्या नळीतून त्याला अन्न द्यावं लागतं. घशात कफ साठतो, तो दिवसातून कितीतरी वेळा एका लहानशा यंत्राने ओढून काढावा लागतो. इथे शाळाप्रवेशाच्या आधी अशा मुलांसाठी वॉर्ड ऑफिसात 'शूगाकु सोदान' म्हणजे प्रवेशाबद्दलची सल्लामसलत असते. त्याच्या आईचं जपानी भाजी-दुकान-डॉक्टर एवढ्यापुरतं, आणि मी मास्टर्स इथेच केलेलं, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावलं.

समोरच्या बाईंनी थोरल्या मुलीच्या शाळेबद्दल सांगताना 'तिथे होकेनशित्सुच्या सेन्सेई आहेत, पण...' असं वाक्य सुरू केलं. होकेनशित्सु म्हणजे शाळेतली आरोग्यखोली. पांढरा कोट, औषधांचं कपाट, दोन पलंग. मी वाक्य पुरं होण्याआधीच सांगून टाकलं, "शाळेत नर्स असतेच, असं म्हणतायत."

"मग हा ताईच्याच शाळेत जाईल की!" ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला, की बाईंच्या वाक्याचा उरलेला भाग तिला सांगायला मला अर्धं मिनिट लागलं. उरलेला भाग असा होता: पण त्या नर्स नाहीत, त्या शिक्षिका आहेत. त्यांना कफ काढता येणार नाही, नळीला हात लावता येणार नाही.

पांढऱ्या कोटातल्या त्या बाई नर्स का नाहीत? घरी येताना ट्रेनमध्ये हा प्रश्न माझा पिच्छा सोडेना.

त्याचं उत्तर सुरू होतं ते गिफू प्रांतात, आणि एका रोगापासून. आजीच्या पिढीला 'खुपऱ्या' हा शब्द चांगला माहीत होता. पापण्यांच्या आत खरखरीत पुळ्या येतात, डोळे चिकटतात, आणि दुर्लक्ष केलं तर दृष्टी जाते. डॉक्टरी भाषेत ट्रॅकोमा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या शाळांमध्ये खुपऱ्यांनी थैमान घातलं होतं. एका बाकावर बसणारी मुलं, एकाच कापडाने पुसलेले चेहरे, साथ पसरायला आणखी काय लागतं? डॉक्टर येऊन तपासून जायचे, पण रोजच्या रोज शंभर मुलांचे डोळे धुऊन थेंब कोण घालणार? १९०५ मध्ये गिफूतल्या ताकेगाहाना आणि कासामात्सु इथल्या प्राथमिक शाळांनी या कामासाठी चक्क परिचारिका नेमल्या. १९०८ मध्ये गिफू शहरातल्या क्योमाची शाळेत हिरोसे मासु नावाच्या परिचारिका रुजू झाल्या. जपानी शालेय आरोग्याच्या इतिहासात त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. शाळेतली नर्स जपानमध्ये जन्मली ती अशी.

हळूहळू हे लोण सगळीकडे पसरलं. डोळ्यांबरोबर खरचटलेले गुडघे, उवा, कुपोषण, क्षय असं सगळंच या बायकांच्या पदरात आलं. १९२९ मध्ये शिक्षण खात्याने 'शाळा-परिचारिका' या पदाबद्दल रीतसर आदेश काढला. पण पगार तुटपुंजा, नोकरीची शाश्वती नाही, आणि शिक्षकांच्या खोलीत स्थान 'मदतनीस बाई' एवढंच. म्हणून तीसच्या दशकात या परिचारिकांनी एकजूट करून मागणी लावून धरली, की आम्हीही मुलांना घडवतो, आम्हाला शिक्षकांचा दर्जा द्या. १९४१ मध्ये तो मिळाला. परिचारिका गेली आणि 'योगो कुनदो' आली. युद्धानंतर, १९४७ च्या शिक्षण कायद्यात, तिचं नाव 'योगो क्योयु' झालं. योगो म्हणजे जपणूक, आणि क्योयु म्हणजे शिक्षक. सुरुवातीला यात शिकलेल्या नर्सच जास्त होत्या, पण पुढे शिक्षणशास्त्राच्या विद्यापीठांतून स्वतंत्र अभ्यासक्रम करून या शिक्षिका तयार होऊ लागल्या. नर्सचा परवाना असण्याची गरज उरली नाही.

मला विचाराल तर त्या बायकांचं काही चुकलं नाही. आज माझ्या मुलीच्या शाळेत होकेनशित्सुच्या सेन्सेईंना जो मान आहे, पोटदुखीचं निमित्त करून येणाऱ्या मुलाच्या मनात काय सलतंय हे ओळखायची जी त्यांची हातोटी आहे, ती त्या लढ्याचीच कमाई. पण एक गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. नर्सची शिक्षिका झाली, आणि शाळेतली नर्सची जागा रिकामी राहिली. ती रिकामी आहे हे कळायलाही पुढे चाळीसेक वर्षं लागली. कारण ज्यांना तिची गरज होती ती मुलं शाळेत नव्हतीच.

ती कुठे होती? बहुतेक घरात. १९४७ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचं केलं खरं, पण त्यात एक फट होती. आजारी किंवा अशक्त मुलांचा प्रवेश पालकांच्या अर्जावरून 'पुढे ढकलता' येई किंवा 'माफ' करता येई. माफी! जणू शिक्षण म्हणजे दंडच. अर्ज पालकांचा असला, तरी तो करायला लावणारे दुसरेच असत. अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा १९४८ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झाल्या. बाकीच्या अपंग मुलांसाठीच्या शाळांना मात्र १९७९ चा एप्रिल उजाडावा लागला. त्या शाळांचं नाव होतं 'योगो गाक्को'. म्हणजे तोच शब्द, योगो. बाईंच्या हुद्द्यातही जपणूक, शाळेच्या पाटीवरही जपणूक, आणि दोन्हीकडे नर्स नाही.

शारीरिकदृष्ट्या अपंग मुलांची जपानमधली पहिली सरकारी शाळा टोकियो शहराने १९३२ मध्ये अझाबुमध्ये काढली. तिचं नाव कोम्यो, म्हणजे प्रकाश. अभ्यासाबरोबर मालिश आणि उपचार शाळेतच होत. पुढे ती सेतागायाला गेली. १९४४ च्या उन्हाळ्यात बॉम्बच्या भीतीने शहरांतली शाळकरी मुलं सरकारने खेड्यांत हलवली, पण त्या यादीत कोम्यो नव्हती. आपण आपली सुटका करून घ्यावी असाच त्याचा अर्थ. मुलं शाळेच्या इमारतीतच मुक्कामाला राहिली, आणि मुख्याध्यापक मात्सुमोतो यासुहेई जागा शोधत वणवण फिरले. शेवटी नागानोतल्या कामियामादाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या एका हॉटेलाने हो म्हटलं. १९४५ च्या मे महिन्याच्या मध्यावर मुलं निघाली. दहाच दिवसांनी, २५ मेच्या हवाई हल्ल्यात, सेतागायाची शाळा जळाली. मुलं परत टोकियोला आली ती १९४९ मध्ये. (सेतागायात राहणाऱ्यांनो, ही शाळा आज 'कोम्यो गाकुएन' नावाने तुमच्या शेजारीच आहे.)

जी मुलं याहून आजारी होती त्यांच्यासाठी शाळा सोडाच, दवाखान्यातही कायमची जागा नव्हती. १९६१ मध्ये डॉक्टर कोबायाशी तेइजु यांच्या पुढाकाराने तामामध्ये शिमादा र्योइकुएन ही अशा मुलांची पहिली संस्था उभी राहिली. १९६३ मध्ये कादंबरीकार मिझुकामी त्सुतोमु यांनी 'चुओ कोरोन' मासिकात पंतप्रधान इकेदांना खुलं पत्र लिहिलं. त्यांची स्वतःची मुलगी पाठीच्या कण्यातला दोष घेऊन जन्मली होती. आम्ही इतका कर भरतो आणि या मुलांसाठी सरकार इतकं थोडं का देतं, असा त्यांचा सरळ सवाल होता. पुढच्याच अंकात सरकारच्या वतीने मुख्य सचिवांनी उत्तर दिलं. ऑलिंपिकच्या तयारीत गुंग असलेल्या देशाला त्या पत्राने जागं केलं, असं जपानी लोक अजून सांगतात.

१९७९ नंतर फट बुजली. ज्यांना शाळेत येणंच शक्य नव्हतं त्यांच्या घरी शिक्षक जाऊ लागले, साधारण आठवड्यातून तीनदा, दोन-दोन तास. आणि नेमक्या त्याच काळात वैद्यकशास्त्राने उडी मारली. अकाली जन्मलेली, पूर्वी हमखास दगावणारी बाळं वाचू लागली. बालमृत्यूचं प्रमाण जगात सर्वांत कमी असलेल्या देशांत जपान जाऊन बसला. घरी वापरायचा ऑक्सिजन १९८५ मध्ये आणि घरचा व्हेंटिलेटर १९९० मध्ये आरोग्यविम्यात आला. नळ्या, यंत्रं आणि मूल असं सगळं घेऊन आया इस्पितळातून घरी आल्या, आणि मूल सहा वर्षांचं झाल्यावर शाळेच्या दारात उभ्या राहिल्या.

इथे कायद्याचा पेच आडवा आला. १९४८ च्या वैद्यक कायद्याचं सतरावं कलम सांगतं, की डॉक्टरखेरीज कोणी वैद्यकीय काम 'ग्यो' म्हणून, म्हणजे पेशासारखं पुन्हा पुन्हा, करू नये. डॉक्टरच्या सांगण्यावरून नर्स करू शकते. कफ काढणं आणि नळीतून अन्न देणं ही वैद्यकीय कामं ठरली होती. आई हे घरात करते तेव्हा ती आपल्या लेकराची शुश्रूषा असते, त्याला कुणाची हरकत नाही. तेच काम, तेच यंत्र, तेच मूल, पण हात शिक्षिकेचे असले की तो गुन्हा होऊ शकतो. आणि शाळेत नर्स नाही. मग उरलं कोण?

आई. १९८८ मध्ये टोकियोच्या शिक्षण विभागाच्या समितीने तत्त्व ठरवलं, की अशा मुलांना शक्यतो घरीच शिकवावं. शाळेत यायचंच असेल तर पालकाने सोबत राहावं, अशी रीत पडली. झालं. शाळांमध्ये पालकांसाठी बसायच्या खोल्या आल्या. सकाळी नऊपासून तीनपर्यंत तिथे आया बसून असत. विणकाम करत, डुलक्या काढत, कुणी बोलवायला आलं की उठून वर्गात जात, दोन मिनिटं कफ काढत आणि परत येऊन बसत. नोकरी नाही, दुसऱ्या मुलाच्या शाळेतला कार्यक्रम नाही. आईला ताप आला की मूलही घरी. काही ठिकाणी शिक्षक डोळा चुकवून हे काम शिकून घेत आणि करत. पकडलं गेलो तर काय, या भीतीसकट.

कोंडी फुटायला सुरुवात झाली ती एका शब्दाने, आणि भाषांतर करणारी म्हणून मला त्याचं फार कौतुक वाटतं. १९९० च्या सुमारास ओसाकाकडच्या डॉक्टर आणि शिक्षकांनी या कामांना 'वैद्यकीय कृती' न म्हणता 'इर्योतेकी केआ' म्हणायला सुरुवात केली. इर्योतेकी म्हणजे वैद्यकीय स्वरूपाची, केआ म्हणजे इंग्रजीतलंच केअर. उपचार नव्हे, रोजच्या जगण्याला लागणारी देखभाल. चष्मा पुसण्यासारखी, असं म्हणायचं नाही, पण त्या दिशेने. कलम तेच राहिलं, शब्द बदलला, आणि बोलणी सुरू झाली.

बोलण्यांना जपानी वेग होता, म्हणजे आधी अभ्यासगट, मग प्रायोगिक प्रकल्प, मग अहवाल. १९९८ मध्ये शिक्षण खात्याने दहा प्रांतांत शाळांमध्ये नर्स ठेवून पाहण्याचे प्रयोग सुरू केले. २००४ च्या ऑक्टोबरात आरोग्य खात्याने परिपत्रक काढलं: शाळेत नर्स असेल, शिक्षकाचं प्रशिक्षण झालं असेल आणि पालकांची संमती असेल, तर ठरावीक मर्यादेपर्यंतचा कफ काढणं, नळीतून अन्न देणं आणि लघवीच्या नळीसाठी मदत करणं शिक्षकाला 'नाइलाज म्हणून' चालेल. २००६ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने श्वासनळीला छिद्र असलेल्या एका मुलीला पाळणाघरात प्रवेश द्या, असा निकाल दिला. २०१२ पासून कायदाच बदलला. प्रशिक्षण घेऊन नोंदणी केलेल्या शिक्षकांना पाच ठरावीक कामं हक्काने करता येऊ लागली. २००६ मध्ये देशभरच्या सरकारी विशेष शाळांत अशी सुमारे ५,९०० मुलं आणि जेमतेम सातशे नर्स होत्या. २०१८ मध्ये मुलं साडेआठ हजारांवर गेली, पण नर्सही दोन हजारांवर गेल्या. त्याच वर्षी टोकियोने या मुलांसाठी नर्ससह स्वतंत्र गाड्या सुरू केल्या, कारण तोपर्यंत शाळेच्या बसमध्ये यातल्या अनेकांना जागा नव्हती. वाटेत कफ साठला तर बसमध्ये कोण काढणार?

शेवटी २०२१ च्या जूनमध्ये संसदेने या मुलांसाठी वेगळा कायदा केला, आणि सप्टेंबरात तो लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात म्हटलं आहे, की पालक सोबत नसतानाही मुलाला योग्य देखभाल मिळावी म्हणून शाळा चालवणाऱ्याने नर्स नेमणं वगैरे तजवीज करावी. 'पालक सोबत नसतानाही' हे शब्द मी दोनदा वाचले. त्याच ऑगस्टमध्ये शिक्षण खात्याच्या नियमावलीत शाळेतल्या नर्सच्या पदाला नाव मिळालं. १९४१ मध्ये गेलेली नर्स २०२१ मध्ये कागदावर परत आली, बरोबर ऐंशी वर्षांनी! या कायद्यासाठी झटलेल्या सर्वपक्षीय खासदारांत नोदा सेइको होत्या. त्यांच्या मुलालाही अशीच देखभाल लागते, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे. त्यांचा मतदारसंघ कोणता? गिफू शहर. हिरोसेबाई जिथे मुलांचे डोळे धूत होत्या तेच.

हे सगळं मी वाचून तिला फोनवर सांगत होते, तेव्हा घरात वेगळीच चर्चा चालू होती. सगळे सांगलीला परत जावं का? तिथे सासू-सासरे आहेत, हाताशी माणसं आहेत. पण शाळेचं काय? आपल्याकडे डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी काढून या कामाचा पाया घातला, हे खरं. आपल्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्यायही दिला आहे. सोय चांगली, पण १९८८ चा टोकियोचा नियम आठवून मला जरा धास्तीच वाटली. 'घरी शिकता येईल' याचं 'घरीच शिका' व्हायला फार वेळ लागत नाही.

ते गेले नाहीत. थोरलीच्या शाळेसाठी नर्स नव्याने शोधावी लागणार होती, आणि ती एप्रिलपर्यंत मिळेल याची खात्री कुणी देईना. म्हणून मुलाला विशेष शाळेत घातलं, जिथे नर्स आधीपासून होत्या. थोरली रुसली. भावाला शाळा दाखवायची तिने तयारी केली होती.

आणि कायदा झाला म्हणून आई लगेच सुटली असंही नाही. नर्सना त्या मुलाची नळी, त्याचा कफ, त्याचं रंग बदलणं ओळखीचं होईपर्यंत आईने सोबत यावं, अशी पद्धत आहे. ती मला चूक वाटत नाही, लांबते मात्र फार. २०२३ चा एप्रिल गेला, मे गेला. ती रोज डबा घेऊन जायची आणि त्या खोलीत बसायची. ज्या खोलीबद्दल मी इतकं वाचलं होतं, तिचा फोटो तिने मला पाठवला. गोल टेबल, चहाची किटली, भिंतीवर ओरिगामीच्या साखळ्या.

जूनच्या शेवटी, पावसाळी सकाळी, ऑफिसात असताना तिचा फोन आला.

"ताई, मी घरी आहे."

"का गं, काय झालं? बरा आहे ना तो?"

"तो शाळेत आहे. नर्सबाई म्हणाल्या, आजपासून तुम्ही गेलात तरी चालेल." मग जरा थांबून, "सव्वादहा वाजलेत. मी काय करू?"

"झोप," मी म्हटलं.

"येत नाही झोप. फोन हातात धरून बसले आहे."

दुपारी तीनपर्यंत शाळेतून फोन आला नाही. पुढच्या गुरुवारी एका नर्सबाईंची रजा होती आणि बदली मिळाली नव्हती. त्या दिवशी ती पुन्हा डबा घेऊन गेली.